धूर आधी, अग्नी मागून

९ नोव्हेंबर १९५३, सोमवार

दोन हमालांनी पुस्तकांची पेटी ओसरीवर टेकवली आणि मागून मारोतराव आले. "शास्त्रीबुवा, अभिप्राय द्या. लवकर द्या." हे आमच्या वाशीमच्या वाचनालयाचे चिटणीस. वय पस्तिशीचे, घाई सत्तरीची.

प्रथा जुनी आहे. माझ्या लेखी अभिप्रायावाचून नवे पुस्तक कपाटात चढत नाही. ग्रंथातले मत मला पटते की नाही, हे मी पाहत नाही. ग्रंथ आपल्याच म्हणण्याला जागतो की नाही, एवढेच पाहतो.

पण या पेटीत काय आहे? चंद्रावर जाणारी माणसे. विचार करणारी यंत्रे. समुद्राखालची गावे. सगळे लेखक नवे. एकाचेही नाव कधी कानी आलेले नाही. खजिनदार हरिसिंग, शेलूबाजारचे अडत्ये, पेटी परत करा म्हणून बसले आहेत. "पोट्टे तसेई अभ्यास करत नाईत, आता चंद्रावर निंगतीन."

मी मारोतरावांना म्हणालो, "शास्त्रात अशा वस्तूंना नावे आहेत. सशाचे शिंग, वांझेचा पुत्र, आकाशातले फूल. त्यांची परीक्षा करीत नसतात."

ते म्हणाले, "शिरपूरले देवाची मूर्ती अधांतरी हाय म्हणून तिच्याखालून कपडा काढून दावते, तवा तुमी हात जोडता. अन् कागदावरचं यान जमीन सोडते तं तुमाले हेतू पायजे?"

मी पेटी आत ठेववून घेतली. हमाल ऐकत होते.

११ नोव्हेंबर

उजव्या डोळ्याने बोरूचे मोठे अक्षर अजून दिसते, म्हणून ही रोजनिशी चालू आहे. छापील मजकूर म्हणजे नुसता करडा पट्टा. पुढच्या महिन्यात अकोल्यास मोतीबिंदू काढायचा. तोवर वाचन सुनेकडे.

प्रयाग दुपारी भांडी आटोपून उंबऱ्याशी बसते आणि वाचते. वाचन स्वच्छ. कल्पित कथांची तिला आवड आहे, हे मला माहीत होते. माझा मुलगा वामन असताना दोघे दर महिन्याला अकोल्यास सिनेमाला जात. त्याच्या मास्तरकीच्या पगारात हा नाद मला पसंत नव्हता. तसे मी बोलून दाखवले होते. परत आल्यावर ती ओट्यावर शेजारच्या धनीबाईला चित्रपटाची कथा सांगे. मी आत जप करीत असे. कथा कानी पडतच.

वामन अकस्मात गेला, त्याला दोन वर्षे झाली. त्यानंतर ओट्यावरच्या कथा बंद.

आजचे पुस्तक कोल्हापूरच्या कोणा बाईंचे. एक विचार करणारे यंत्र आहे. त्याला न्यायालयात उभे करून विचारतात, तू विचार करतोस का? 'होय' म्हणावे तर त्याला मोडणार. 'नाही' म्हणावे तर तेच विचाराचे प्रमाण. यंत्र मौन धरते. असे मौन मी काशीत एकदाच पाहिले होते, एका नैयायिकाचे, भर सभेत.

बाईंनी एक गोष्ट खोटी मानली आणि त्यापुढे एकही पाऊल खोटे टाकले नाही. मी थक्क झालो. याला आमच्या न्यायशास्त्रात तर्क म्हणतात! नसलेले जाणूनबुजून आहे असे धरायचे, आणि काय काय ओढवते ते पाहायचे. अग्नी नसता तर धूरही नसता. हे मी आयुष्यभर शिकवले. त्यात गोष्ट दडलेली असते, हे मला कधी सुचले नाही.

१२ नोव्हेंबर

माध्यान्ह संध्येत मंत्र चुकलो. त्या यंत्राचे मौन आठवत होते.

१४ नोव्हेंबर

आजचा ग्रंथ फसवा निघाला. नायक समुद्राखाली राज्य करतो, लढतो, राणी वरतो. आणि शेवटच्या पानावर अंथरुणात जागा होतो. सारे स्वप्न! वादात हरू लागलेल्याने 'मी बोललोच नव्हतो' म्हणावे, तसे हे.

मारोतराव आणि हरिसिंग दोघांनाही बोलावून सांगितले: पेटीतले असे दुसरे पुस्तक निघाले, तर सगळी पेटी परत. एक अपवाद असू शकतो. दोन म्हणजे या जातीच्या लेखनाचा स्वभाव ठरेल.

हरिसिंग खूश झाले. "हे बोलले मर्दावानी." जाताना पेटीतले वरचे पुस्तक घेऊन गेले. वाचतो म्हणाले. ते वाचणार याचे मारोतरावांना हसू आले. पुस्तकाची दुसरी प्रत पेटीत होतीच.

प्रयाग दाराआडून ऐकत होती. नंतर म्हणाली, "मामंजी, बाकीचं पुस्तक चांगलं असलं आणि शेवटच तसा असला तर?"

म्हणालो, "शेवट हाच निष्कर्ष. निष्कर्ष पडला की सगळे पडले."

१७ नोव्हेंबर

आज धक्का बसला तो साधा नव्हे.

'ध्रुवमत्स्य' असे टोपणनाव घेतलेला कोणी पुण्याचा लेखक. हरिसिंगांनी नेले ते हेच पुस्तक. त्याच्या ग्रहावर कार्य आधी घडते आणि कारण मागून येते. धूर दिसतो, मग कधीतरी अग्नी पेटतो. पाय आधी दुखतो, काटा नंतर रुततो. पहिल्या पानावर मी प्रयागला थांबवले. कारण आधी असते ही केवळ समजूत नव्हे, ती कारणाची व्याख्याच आहे! हा मनुष्य आमच्या घराचा पायाच उखडतो आहे.

"बंद करू का?" तिने विचारले.

"पुढे."

तिथले लोक धूर पाहून आगीची तयारी करतात. पाणी भरून ठेवतात, गुरे सोडतात. ज्याच्या घरावर धूर दिसतो त्याला कोणी तसे सांगत नाही. तो सभ्यपणा समजतात. दोष शोधायला बसलो होतो. एक सापडला नाही.

१८ नोव्हेंबर

ग्रंथ संपला. मी अजून त्यातून बाहेर आलेलो नाही.

त्या ग्रहावर शोकही आधी होतो, मरण मागून येते. एक बाई सकाळी उठते ती रडतच. कुंकू आपोआप पुसलेले. शेजारणी समाचाराला येऊन जातात. आणि नवरा तर घरात आहे, धडधाकट, कामावर जातो आहे. त्याला कोणी काही बोलत नाही. बाई रडून रडून रिकामी होते. मग चूल पेटवते, त्याला वाढते. तो जेवतो, शेवटचा घास ताटाच्या कडेला ठेवतो, आणि तो कोणासाठी हे ती विचारत नाही. असे किती दिवस मिळतील, ठाऊक नाही. शेवटचे वाक्य मी प्रयागकडून पुन्हा वाचवून घेतले: 'रडून झाले होते, आता नुसता तो होता.'

वाचताना प्रयाग मध्येच थांबून पाणी प्यायली. मी म्हणालो, "पुढे?" तेव्हा पुन्हा सुरू केले.

लेखकाने काल्पनिक जगात घासाएवढा बारीक तपशील ठेवावा, याचे नवल वाटले. अभिप्राय तिला सांगून लिहवला: पेटी ठेवावी. या एका शेवटासाठीही ठेवावी.

२२ नोव्हेंबर, रविवार

समितीत अभिप्राय वाचून झाला. त्या बाईचा प्रसंग मी तोंडी सांगितला.

हरिसिंग उठले. पुस्तक हातात. "बुवा, म्या वाचलं. दोन डाव वाचलं. तो मानूस पुन्यात खाटंवर जागा होते अन् बायको त्याले चा देते. सपन व्हतं म्हन्ते. तुमची ते कुकू पुसेल बाई कुठी हाय? दावा मले."

पुस्तक मारोतरावांनी घेतले. शेवटची पाने पुन्हा पुन्हा उलटली. मग खाली ठेवले. माझ्याकडे पाहिले नाही.

निर्णय पुढच्या रविवारावर गेला. कोणीतरी हलकेच म्हणाले, "वय झालं आता बुवाचं." मलाही तेच वाटले. घरी येईपर्यंत मी एकच गोष्ट तपासत होतो: मी ऐकले की मला तसे वाटले? स्मृती हे प्रमाण नव्हे, हे मीच शिकवले. बुद्धी जाणार असेल तर मोतीबिंदू काढवून काय करू?

२३ नोव्हेंबर

बुद्धी शाबूत आहे. दुसरेच घडले आहे.

प्रयागला समोर बसवून विचारले, "तो शेवट कोठे आहे?"

"पुस्तकात नाही, मामंजी."

"मग?"

"पुस्तकात तो माणूस जागा होतो. दुसरं स्वप्न निघालं असतं. तुमी म्हटलं होतं, पेटी जाईन."

"म्हणून तू खोटे वाचलेस?"

"तुमी 'पुढे?' म्हटलं. मी पुढचं सांगितलं."

मला राग आवरेना. जे डोळ्यांनी पाहता येत नाही ते विश्वासू माणसाच्या शब्दावर घ्यावे लागते. माझ्या आंधळेपणात हिचा शब्द हेच माझे प्रमाण होते. ते बोलून दाखवले. मग विचारले, "पेटी गेली तर तुझे काय जाते?"

"दुपार जाते," ती म्हणाली.

मी संध्येला उठलो.

२५ नोव्हेंबर

वामन शेवटचा घास ताटाच्या कडेला ठेवीत असे. लहानपणापासून. अन्नाचा अपमान म्हणून मी त्याला रागावत असे. मी ती कथा ऐकली, वाखाणली, सभेत सांगितली — आणि आज भात कालवताना ओळखली.

२९ नोव्हेंबर, रविवार

सभेत उभा राहून म्हणालो, "माझा अभिप्राय मी मागे घेतो. दुसरे स्वप्न निघाले आहे. माझ्याच नियमाने पेटी परत जावी." निघण्यापूर्वी प्रयागला तसे सांगितले होते. ती एवढेच म्हणाली, "तुमी दुसरं काही बोलणारच नाही, ठाऊक होतं."

मारोतरावांनी मान खाली घातली. हरिसिंग मात्र उठून उभे राहिले.

"मंग तो शेवट कोनाचा?"

"माझ्या सुनेचा."

मागे कोणीतरी हसले. हरिसिंगांनी वळून पाहिले तसे हसणे थांबले. "आठ दिस झाले, मी त्या बाईचाच इचार करून राह्यलो. अडतीवर मापात चुकलो दोन डाव. बायकोले सांगतलं तं ते जेवली नाई." मग मारोतरावांना म्हणाले, "पेटी राहू द्या. पर त्या पुस्तकात खरा शेवट लावा. पैसे मोजून घेतलेला माल अर्धा कायले ठेवाचा?"

हेतू, म्हणजे दिलेले कारण, सदोष. निष्कर्ष मान्य. सभेने हात वर केले, मीही केला.

प्रयाग शेवट लिहून देईल, बाइंडर युसूफ तेवढी पाने मागे शिवेल. घरी येऊन तिला सांगितले. ती चुलीपुढे होती, उठली नाही. खाली नाव काय घालायचे, विचारले. "नाव नको," म्हणाली. मी म्हणालो, नव्या लेखकांची पेटी आहे. त्यात एक नाव कमी पडता कामा नये. बराच वेळ लाकूड पुढे सारीत राहिली. मग म्हणाली, "सगळं मनातलं नाही त्यात, मामंजी." तिचा विनय मला आवडला.

८ डिसेंबर, अकोला

उद्या डोळा. दवाखान्यात शिरताच म्हातारा कंपाउंडर इब्राहीम प्रयागला म्हणाला, "बाई, वळखलं का? तुमी वामनरावसंग येत व्हत्या नं दर महिन्याले, इथल्याच छातीच्या डाक्टरकडं. लई भला मानूस."

मी तिला विचारले, अकोल्यास सिनेमे किती पाहिलेत?

"एकही नाही."

"आणि धनीबाईला सांगत होतीस त्या कथा?"

"इथं बाकावर बसून जुळवायची. घरी गेल्यावर काही तरी सांगावं लागे." मग खालच्या आवाजात, "डॉक्टरांनी वरीसभर आधीच सांगितलं होतं. तुमाले कळू द्यायचं नाही, अशी ह्यांनी मला शपथ घातली होती."

धूर वर्षभर घरात होता. मी त्याला सिनेमाचा नाद म्हणत होतो.