तीन देश आणि चार प्रश्न

१ फेब्रुवारी, रविवार

ढमीला बाहेर जायचंय. इंग्रजी शिकवायला. माझ्यासारखं.

फोनवर इतक्या सहज म्हणाली, जणू कोपऱ्यावरच्या दुकानात निघालीय. "आत्या, आशियातले तीन देश झाले तुझे. कुठला बरा ते सांग."

म्हटलं, बरा कुठलाच नाही. कुठला किती वाईट ते विचार.

"मग तेच लिहून पाठव. सगळे तोटे लिही. त्यातला कमी वाईट मी निवडते."

दादाची ही एकुलती एक. बी.ए. झाल्यापासून दोन वर्षं बाबांजवळ, म्हणजे तिच्या आबांजवळ, राहतेय, कारण दादा-वहिनी बदलीच्या गावी, आणि बाबांना तिकडची हवा मानवत नाही. बाबांची औषधं, डोळ्यांचे थेंब, पेन्शनीचा हयातीचा दाखला, सगळं तीच बघते. ती निघाली तर बाबांजवळ कोण?

हे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनेही मला विचारलं असतं.

मग बाबा फोनवर आले. नेहमीचे चार प्रश्न. जेवलीस का? — हो. तब्येत? — ठणठणीत. पोरं ऐकतात का? — ऐकतात. येतेस ना? — बघू, पुढच्या वर्षी. अकरा वर्षं दर रविवारी दुपारी एक वाजता हेच. आज एका हाताने ब्लाउज इस्त्री करत उत्तरं दिली. बाही जरा करपली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मालकीणबाईंनी करार टेबलावर ठेवला. आणखी दोन वर्षं. पण सही पालकांच्या वर्गानंतर. वर्ग नीट झाला तर.

पालकांचा वर्ग म्हणजे या क्लासचं वार्षिक सोंग. आईबाप मागे खुर्च्यांवर बसतात, पुढे मुलं फडाफडा इंग्रजी बोलतात. बारा मुलं, बारा प्रश्न, बारा उत्तरं. तीन आठवडे घोकंपट्टी. ती माझ्याकडून.

दाराबाहेरच्या पोस्टरवर मात्र तो उंच गोरा. आम्ही बाकीच्या त्याला पोस्टरच म्हणतो. त्याच्या देशात इंग्रजी कोणी बोलत नाही. तो स्वतः शिकला विशीत, अन् त्याच्या चुका मी रोज दुपारी तपासून देते. बिचारा सज्जन आहे, त्याचा राग येत नाही. त्याच्या नाकाचा येतो. पालक आले की तो दारात उभा राहून हात मिळवतो, आणि मी कपाटाशेजारी. एका आईने मागच्या वर्षी माझ्याकडे पाण्याचा ग्लास मागितला होता. दिला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ढमीसाठी लिहायला बसले. पहिला देश.

थंडीचा. तिथे जाहिरातीतच लिहिलेलं की जन्मापासून इंग्रजी बोलणारेच हवेत, आणि ते कोण हे पासपोर्टच्या रंगावर ठरवायचे. मला घेतलं ते 'मदतनीस' म्हणून. शिकवायचे मीच, हजेरीपटावर नाव दुसऱ्याचं. मुलं शाळा उरकून आमच्याकडे यायची, डोळे मिटलेले, तोंड उघडं. वर्गात कॅमेरा. आया घरबसल्या मोबाईलवर बघायच्या आणि ऑफिसात फोन करायच्या — बाईंनी आज माझ्या मुलाकडे दोनदाच बघितलं. एकीने माझ्या स्वेटरबद्दल तक्रार केली. मुलाला तो रंग आवडत नाही म्हणे.

तापाने फणफणले होते तर मालक म्हणाले, मास्क लावून या. गेले. चार वर्षं काढली तिथे. चार वर्षांत कोणी घरी बोलावलं नाही, हेही लिहिलं. मग खोडलं. मग परत लिहिलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा देश. घामाचा.

साठ मुलं एका वर्गात, पंखा एक, तोही मास्तरांच्या टेबलावर नाही. गळ्यात मायक्रोफोन अडकवून ओरडायचं. पहिल्या महिन्यात घसा गेला, तो अजून पुरता आलेला नाही. माणसं गोड, हसतमुख. ताकास तूर लागू देत नाहीत. सुट्टी मिळेल का विचारलं की हसतात. पगार कधी विचारलं की हसतात. परीक्षेत कोणाला नापास करायचं नाही असा अलिखित नियम. मी सात जणांना नापास केलं, हेडमास्तरांनी माझ्या देखत सातही आकडे बदलले आणि हसले. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही. बाबा स्वतः हेडमास्तर होते. त्यांना झोप लागली नसती.

आणि तिथे दर तीन महिन्यांनी शिक्क्यासाठी पासपोर्ट सरकारी ऑफिसात जमा. आई गेली तेव्हा तो तिथेच पडला होता. खिडकीतला माणूस म्हणाला, सोमवारी या. हसला नाही, एवढं खरं. मी घरी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. दार ढमीने उघडलं. सोळा वर्षांची होती. म्हणाली, "आत्या, चहा टाकू?"

आज नाही लिहवत पुढे.

८ फेब्रुवारी, रविवार

हो. ठणठणीत. ऐकतात. बघू.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तिसरा देश, म्हणजे हा. यात लिहायला काय आहे? पोस्टर आहे. सोंग आहे. पासपोर्ट मालकीणबाईंच्या लोखंडी कपाटात आहे, "हरवू नये म्हणून". खोली क्लासच्याच वरच्या मजल्यावर, त्यामुळे बेल वाजली की झोपेतही उभी राहते. इथे कोणी वाईट वागत नाही. कोणी वागतच नाही म्हणा ना. दोन वर्षांत माझ्याशी इंग्रजी सोडून कोणी बोललं ते फक्त किराणा दुकानदार, आणि तोही "पिशवी?" एवढंच.

सगळं टाइप केलं. पाच पानं झाली. वाचून पाहिलं तर पाच पानांत एक गोष्ट चांगली नाही. इतकं वाईट होतं का खरंच? थंडीच्या देशात माझा हातमोजा हरवला तर एका मुलीने स्वतःचा आणून दिला होता, तिच्या हाताच्या मापाचा. ते लिहिलं नाही. घामाच्या देशात निघताना साठही मुलं फाटकापर्यंत आली होती. तेही नाही.

का नाही? खरं सांग बाई, इथे कोण वाचतंय.

ढमी बाबांजवळ राहावी म्हणून. ती तिथे राहिली की मला जावं लागत नाही. मी पोरीला सावध करत नाहीये, खुंटीला बांधतेय. आणि वर आत्या म्हणून मिरवतेय.

तरी पाठवलं. तसंच पाठवलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रंगीत तालीम. मुलांना एकच नियम शिकवलाय — प्रश्नाकडे लक्ष द्यायचं नाही, आपल्या आधीच्याकडे द्यायचं. तो बसला की आपण उठायचं आणि आपलं वाक्य म्हणायचं. प्रश्न समजून उत्तर द्यायला लावलं तर चार जण अडखळतात. असं केलं की एकही नाही. मालकीणबाई खूश. "या वर्षी तुमचा हात चांगला बसलाय," म्हणाल्या.

ढमीचं उत्तर नाही. दोन निळ्या खुणा दिसतात. म्हणजे वाचलंय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पालकांचा वर्ग झाला. हसू की रडू!

तिसरा मुलगा आलाच नाही. कांजिण्या. मला कळलं तेव्हा पालक बसलेले, मालकीणबाई काचेपलीकडे उभ्या, पोस्टर सगळ्यांशी हात मिळवून झालेला. म्हटलं, तिसरा प्रश्न गाळू. पण तोंडाला वळण पडलेलं. पहिले दोन झाले आणि माझ्या तोंडून तिसरा प्रश्न गेलाच — तुझ्या घरी कोण कोण आहे?

चौथी उठली. "लाल आणि पिवळा."

आता थांबावं की नाही? थांबले नाही. तुझा आवडता रंग कोणता? पाचवा उठला, "मी छत्री उघडतो." पाऊस आला तर काय करशील? "ते बँकेत काम करतात." खणखणीत आवाज, ताठ मान, एकही अडखळलं नाही. मी प्रश्न विचारत गेले, मुलं पुढची उत्तरं देत गेली, आणि मागे आईबाप मोबाईल धरून चित्रण करत होते. बाराव्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी उरलं नाही. ते मीच दिलं.

टाळ्यांचा कडकडाट. दोन आयांच्या डोळ्यांत पाणी.

एकाला कळलं. मागच्या कोपऱ्यात एक आजोबा होते, कुणाचे तरी. ते मान खाली घालून हसत होते, खांदे हलत होते. जाताना माझ्यापाशी थांबून स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "मुलांची स्मरणशक्ती फार छान आहे." मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

मालकीणबाईंनी पाठ थोपटली. करार सोमवारी.

१५ फेब्रुवारी, रविवार

बाबांचा फोन. करार समोरच उघडा होता, त्यातली सुट्ट्यांची कलमं वाचत बोलले. हो. ठणठणीत. ऐकतात. बघू. बाबा आज का कोण जाणे, शेवटी जरा थांबले. "बरं," म्हणाले. मग परत, "बरं." थकले असतील. ब्याऐंशी म्हणजे काय थट्टा आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सही केली. दोन वर्षं.

पेन मालकीणबाईंचं होतं. परत द्यायला विसरले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ढमीचं लांबलचक उत्तर आलं. तीनदा वाचलं. आता बसून लिहिते, नाहीतर डोकं ठिकाणावर राहायचं नाही.

तिने थंडीच्या देशात नोकरी घेतली. पुढच्या महिन्यात निघते. "तुझी पाच पानं वाचली. इतकं वाईट असून तू अकरा वर्षं राहिलीस, म्हणजे यात काहीतरी आहे जे तू लिहिलं नाहीस. ते मी जाऊन बघते. स्वेटर मात्र करडाच नेते."

आणि खाली: "थँक्यू आत्या. तू हो म्हणालीस म्हणून मी निघू शकतेय. आबांनी रविवारी विचारलं तेव्हा मी शेजारीच होते. 'ढमी निघाली की तू माझ्याजवळ येशील ना?' आणि तू एका क्षणात हो म्हणालीस. मी रडलेच. आबांनी मागची खोली रंगवून घेतली तुझ्यासाठी. गावभर सांगत सुटलेत."

मी कधी म्हटलं?

जेवलीस का, असं विचारलंच नव्हतं त्या दिवशी. त्या जागी हे विचारलं. आणि मी कलम वाचत होते, माझं वाक्य म्हणून मोकळी झाले. छत्री उघडतो. लाल आणि पिवळा.

बाबांना विसरायला होतंय का? प्रश्न मागेपुढे व्हायला लागले का? आणि ढमीला काय सांगू, की तुझ्या आत्याने ऐकलंच नाही? तिची नोकरी माझ्या त्या 'हो'वर उभी. काढून घेतला तर ती थांबेल. तशी गुणाची आहे, खरंच थांबेल. मला हवं होतं तेच होईल.

दिवसभर जेवले नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

एक वाजता फोन केला नाही. आला तो उचलला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मालकीणबाईंना सांगितलं, जायचंय. त्या म्हणाल्या, सही परत घेता येत नाही, करार मोडलात तर आमच्याकडचं पत्र मिळणार नाही, पुन्हा कुठे उभं करणार नाहीत तुम्हाला. आवाज चढला नाही, मला खुर्चीही दिली. म्हटलं, सही राहू दे. पासपोर्ट द्या. कपाट उघडायला त्यांना किल्लीच सापडेना. मी तिथेच बसून राहिले, बेल वाजली तरी उठले नाही. पोस्टर येऊन माझा वर्ग घेऊन गेला. तीन तासांनी किल्ली त्यांच्याच पर्समध्ये निघाली.

जिन्यात त्याने विचारलं, "आता माझ्या चुका कोण काढणार?" त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं.

१ मार्च, रविवार

फोन लावला. म्हटलं, बाबा, त्या दिवशी तुमचा प्रश्न मी ऐकलाच नव्हता.

"माहितीये की," म्हणाले. "म्हणून तर पहिला विचारला. पहिल्या प्रश्नाला तू हो म्हणतेस. चौतीस वर्षं शाळा चालवली, पाठ केलेलं उत्तर ओळखता येत नाही होय मला? पण दुसरं काही ऐकायलाच मिळत नव्हतं गं. आता नीट विचारतो. येतेस?"

तिकीट काढलंय, म्हटलं. आठ तारखेचं. मग मीच विचारलं, "बाबा, तुम्ही जेवलात का?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"थांब," म्हणाले, "याचं उत्तर पाठ नाही माझं."