आता विहीणबाई म्हणू नकोस

पांढुर्णा
दि. १४ जुलै १९८६

प्रिय देवीदास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत. हे ड्यूटीवर जातात, प्रकाश रोज बोरगावला कामावर जातो. लोक विचारतात, तेव्हा मीही बरी आहे म्हणते, आणि असतेच. रडू येत नाही. भाजीत मीठ घातलं की नाही, तेवढं मात्र लक्षात राहत नाही.

शाळा सुरू झाली. अकरावीचा पहिला धडा जीवशास्त्राच्या शाखांचा. झाडांचं ते वनस्पतिशास्त्र, जनावरांचं प्राणिशास्त्र, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं सूक्ष्मजीवशास्त्र. कीटकशास्त्र आलं तसा एका पोरानं संत्र्यावरच्या काळ्या माशीचा विषय काढला आणि सगळा वर्ग आपापल्या बागेबद्दल बोलू लागला. मी बोलू दिलं. मग मालती नावाची मुलगी उठली. "बाई, मानूस आजारी कायनं पडते, हे कोन्त्या शाखेत येते?" मागून कोणीतरी तिला ओढलं, "चूप बस ना, बाईंचा पोरगा नाही का गेला!" मी 'विकृतिशास्त्र' असं फळ्यावर लिहिलं. अक्षरही चांगलं आलं.

त्यानंतरची शाखा आनुवंशिकी. आईबापांकडून लेकरांत काय उतरतं, ते पाहणारी. ती उद्या घेऊ म्हणाले आणि घंटेआधीच वर्ग सोडला.

आता तुझ्या पत्राचं. सुखदेव गेल्यापासून आमचं घर बसलंय, दिवाळीनंतर सून आली की उठेल, असं तू लिहिलंस. तुझी माया मला कळते. भावाची मुलगी सून करायची, ही आपली रीत. चंद्रकला पाळण्यात होती तेव्हापासून तू मला विहीणबाई म्हणतोस. प्रकाशलाही ती आवडते. पण हे लग्न होणार नाही.

शिकलेल्या नणंदेला आता आमची पोरगी नको झाली, असं यमुना म्हणेल. म्हणू दे.

सुखदेवचे सांधे दुखायचे त्याला आपण वात म्हटलं, डोळे पिवळे व्हायचे त्याला कावीळ. नागपूरला रक्त तपासलं तेव्हा कळलं, तो सिकलसेलचा आजार होता. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांत अडकतात. हा आजार आईबापांपैकी एकाकडूनच आला तर अंगात नुसता लपून राहतो. दोघांकडून आला तर लेकरू आजारी पडतं. मग आमचंही रक्त तपासलं. माझ्यात तो लपलेला आहे, ह्यांच्यात आहे, प्रकाशमध्येही आहे. माझ्यात आला तो आपल्याच आईबापांकडून, देवीदास.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते.

सुखदेवच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चंद्रकला आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून गुडघे दाबत बसली होती. विचारलं तर म्हणाली, "काही नाही आत्या, थंडीत लय दुखते, आता कमी हाय." तिचे डोळे पिवळे होते. यमुना म्हणाली, "उन्हाची कावीळ हाय, बुवाकडून माळ आनून राहिलो." मी भाताचं पातेलं उतरवलं आणि बाहेर पंगतीत नेलं. कोणाला काही बोलले नाही.

तिला नागपूरला ने. लग्नासाठी नाही, तिच्या जिवासाठी ने. डॉक्टरांना सांग, हिचा आतेभाऊ याच आजारानं गेला. वेळेवर कळलं तर औषधपाणी करता येतं, सांभाळता येतं. सुखदेवचं आम्हाला उशिरा कळलं.

प्रकाशला सगळं सांगितलं. तो बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत बसला. मग म्हणाला, "लग्न राहू दे. मी येतो तिच्यासंग दवाखान्यात." रविवारी तो सौसरला येईल. त्याला दारातून परत पाठवू नकोस.

माझ्यावर रागाव, जन्मभर बोलू नकोस, पण पोरीला ने.

चंद्रकलाला आशीर्वाद.

तुझी, यापुढे फक्त बहीणच,
पुष्पा