सांता रीतातला माझा फोटो

प्रिय गुरुनाथ,

कॅलगरीहून दमून आला असशील. फ्रिजमध्ये आमटी आहे, भात तेवढा लावून घे. जेव आणि मग वाच.

या वर्षी कामापायी तुझं मेक्सिकोला जाणं हुकलं म्हणून किती हळहळलास! दर नोव्हेंबरात तिथल्या प्लँटचं काम आटोपलं की तू दोन दिवस सांता रीताला राहतोस आणि परत आल्यावर तासभर त्या गावाबद्दल बोलतोस. एरवी घरात तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून मला त्या गावाचं भारी कौतुक. लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनी तिथेच जायचं, असं मी मनाशी ठरवलं आणि आधी खोली बघायला निघाले. आपल्या इशिताला स्पॅनिश येतं, म्हणून लेकीला सोबत घेतलं. तुला सरप्राइज द्यायचं होतं रे.

गाव तू सांगतोस तसंच आहे. स्पॅनिश अमलातलं पिवळं चर्च, दगडगोट्यांचे रस्ते, कमानींखाली कणसं भाजणाऱ्या बायका, चौकात बँडवर नाचणारी म्हातारी जोडपी. त्यांचे पितरांचे दिवस चालू होते. घरोघरी गेलेल्या माणसांचे फोटो मांडून पुढे त्यांच्या आवडीचं ताट ठेवतात, आपल्यासारखंच, पण हसतखेळत. जिकडेतिकडे झेंडूच्या राशी. मला तर दसराच वाटला.

इशिताने तुझं नाव सांगताच तू उतरतोस त्या घराच्या मालकीण सोकोरोबाईंनी तिला पोटाशी धरलं आणि त्या रडायलाच लागल्या. मी मागे टॅक्सीतून बॅगा काढत होते. आत गेले तर समोरच मांडणी होती. त्यांचे यजमान, त्यांची आई आणि मी! आपल्या इथल्या, शुगर लँडच्या गणपतीतला, मोरपंखी साडीतला माझा फोटो, त्याला झेंडूचा हार. हाराचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे बशीत तिखटमीठ लावलेला पेरू आणि बिनसाखरेची कॉफी.

इशिता पांढरीफटक पडली. "आई, लेट्स जस्ट गो," एवढंच पुटपुटली. पण मी हट्टाने तिला सगळं विचारायला लावलं. मला वाटलं, कुणी बाई असेल. तसलं काही निघालं नाही. तू तिथे विधुर आहेस, बस्स. अख्खी गल्ली तुला आळीपाळीने जेवायला बोलावते. तू माझ्या फोटोसमोर बसून मराठीत बोलतोस, रडतोस, स्वतःच्या हाताने पेरू कापतोस. दुसरी बाई असती तर मी भांडले असते. मेलेल्या माझ्याशी कशी भांडू? जिवंतपणी मला कधी एक फोड तरी कापून दिलीस का?

चेहरा जुळतो म्हणून सोकोरोबाईंनी विचारलं, धाकटी बहीण का? मी मान हलवली. तुझी लाज राखली. मग त्यांच्यासमोर इशिता मला दिवसभर त्यांच्या भाषेत मावशी म्हणून हाक मारत राहिली. पोटच्या पोरीकडून मला ते ऐकावं लागलं, गुरुनाथ. बाकी एक वेळ विसरेन, हे नाही.

मी इशिताबरोबर शॉमबर्गला चालले आहे, तिच्याकडे राहायला. परत येणार नाही, हे कळवायला हे पत्र. निघताना त्या बशीतली पेरूची एक फोड खाल्ली, माझीच होती ना! फोटो मात्र तिथेच ठेवला. पुढच्या नोव्हेंबरात जा, बस तिच्यासमोर, बोल तिच्याशी. सोकोरोबाईंना खरं काही सांगू नकोस. आता तू त्यांच्याशी खोटंही बोलत नाहीयेस.

तुझीच ती, त्या फोटोतली.
मी नुसती,
रत्ना