आधी सरकारचा वाटा

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या कर-कचेरीची आठवण निघाली की माझं डोकं अजून तापतं. गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं आई म्हणायची. मी धरला आहे.

युद्धात दादाच्या पायात तोफगोळ्याचे तुकडे घुसले, तेव्हा हॉस्पिटलात उभं राहून तुम्ही आपल्या ज्यूंच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, नवस बोललात, की पोरगा स्वतःच्या पायांनी घरी आला तर लष्कराकडून येणाऱ्या पैशातून त्याच्या नावानं मलिदा करीन. दादा काठी टेकत का होईना, चालत आला. जखमी सैनिकाचा भत्ता सुरू झाला आणि मुंबई सोडून आल्यावर लोद शहरात मिळालेल्या आपल्या दोन खोल्यांत मलिद्याची तयारी लागली. मी नारळ खवते आहे, आई वेलची कुटते आहे, परातीत पोहे भिजताहेत, आणि तुम्ही शेजाऱ्यांना सांगत फिरता आहात. तो दिवस चांगलाच होता. त्यानंतर तुम्ही दादाच्या कराचे कागद भरायला बसलात. दादानं त्या वर्षी अर्धंच वर्ष कारखान्यात काम केलं होतं, पण पगारातून कर मात्र भरपूर कापला गेला होता. तो परत मिळणार होता. त्या पैशातून त्याला घड्याळं दुरुस्त करायची हत्यारं आणि एक छोटं टेबल घ्यायचं होतं, कारण यंत्रापाशी तासन्‌तास उभं राहणं आता त्याला शक्य नव्हतं. हे तुम्हाला माहीत होतं बाबा, माझ्याइतकंच माहीत होतं.

आणि तुम्ही तो भत्ता कमाई म्हणून लिहिलात. मी हिब्रूतलं माहितीपत्रक वाचून दाखवलं, की जखमेच्या भत्त्यावर कर लागत नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. मग बसनं कचेरीत गेलो. खिडकीमागचा तरुण कारकून चांगला होता, त्यानंही तेच सांगितलं आणि तो आकडा खोडायला आपलं पेन पुढे केलं. तुम्ही कागदावर हात ठेवलात. तो माझ्याकडे बघून विचारतो, तुझ्या वडिलांना समजत नाही का? मी शरमेनं लाल झाले आणि मराठीत तुमच्या विनवण्या केल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नवसाचा पैसा हाय तो. त्यातनं आधी सरकारचा वाटा निघाला पायजे. लपवलेल्या पैशाचा मलिदा हन्नाबीला चालत नाय."

कोण लपवत होतं बाबा? कायद्यानंच माफ केलेलं होतं. मुंबईच्या गोदीत साहेबापुढे खिसे उलटे करून दाखवायची सवय तुम्ही इथवर घेऊन आलात आणि तिला देवाचं नाव दिलंत. कारकुनानं खांदे उडवले, शिक्का मारला. हिशेब झाला तेव्हा परत मिळायला काही उरलं नव्हतं. दादानं तुमचा शब्द कधी मोडला नाही. त्यानं सही केली आणि महिन्याभरानं एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागला. ज्याला उभं राहवत नव्हतं, त्याला तुम्ही उभं राहायच्या नोकरीवर धाडलंत. संध्याकाळी तो सुजलेला पाय गरम पाण्यात सोडायचा आणि तुम्ही शेजारी बसून प्रार्थना म्हणायचात. मला ती प्रार्थना ऐकवत नसे.

मी आता किर्यात गात गावात एका हिशेबनिसाकडे काम करते. लोकांना करातल्या सवलतीचे हक्क समजावून सांगते, एकही सोडू देत नाही. या वर्षी माझा नवरा लेबनॉनहून खांद्यात गोळी घेऊन परतला. त्याला भत्ता सुरू झाला. त्याचे कागद मीच भरले आणि भत्त्याचा आकडा लिहिला नाही. बरोबरच केलं, पुन्हा वेळ आली तरी तेच करीन.

हे पत्र मी कुठे पाठवणार? पण एक सांगते, नवऱ्याला सांगितलेलं नाही. मीही नवस बोलले होते. काल मलिदा केला. पोहे, नारळ, खजूर, सगळं माझ्या पगारातून आणलं. त्यातून कर आधीच कापलेला असतो.