जवाईबापूंचा खिळा

भंडारा,
गुरुवार (तारीख पाहायला कॅलेंडरपर्यंत चालत जावे लागेल, ते सध्या होणे नाही)

चि. जीवन यास,

भंडाऱ्याहून तुझ्या विनोद भाऊजींचा सप्रेम जयभीम. आम्ही येथे सर्व खुशाल आहोत, असे पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. माझे दोन्ही पाय त्यात धरू नकोस. ते वेगळे समजावेत. तुझी तब्येत कशी आहे? पुण्याची थंडी सोसते ना? तुझ्या डाव्या गुडघ्याचे काय झाले? मागे तू गुडघ्याबद्दल बोलायचास तेव्हा मी हसायचो, त्याबद्दल आज मनापासून माफी मागतो. गुडघा ही हसण्याची वस्तू नाही.

आजच्या काळात पोस्टाने पत्र आले म्हणून घाबरू नकोस, कोणाचे काही बरेवाईट झालेले नाही. व्हॉट्सअॅपवरच लिहिणार होतो. पण माझा फोन माझ्याआधी तुझी दीपमालाताई वाचते, आणि या पत्रात एक गोष्ट अशी आहे की ती तिच्या कानावर जाता कामा नये. (ती गोष्ट शेवटी आहे. मला ठाऊक आहे, तू वर्तमानपत्रही मागच्या पानावरून वाचतोस. पण या वेळी क्रमाने ये, नाहीतर माझी बाजू तुला कळणारच नाही.)

सुरुवात खिळ्यापासून करतो. मागच्या मंडईच्या जत्रेला आपण सगळे कारध्याला तुमच्या घरी जमलो होतो, ते तुला आठवत असेलच. तू हैदराबादच्या शर्यतीचे मेडल आणले होतेस. तुझ्या आईने ते पुसून भिंतीवर टांगले. मुंबई, पुणे, सातारा, नागपूर आणि आणखी कुठकुठली धरून ती तुझी सात मेडले झाली. सगळे पाहुणे मान वर करून पाहात होते आणि मी बिचारा शेवयांची वाटी हातात धरून कोपऱ्यात. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, की असली मेडले काय, आम्हीही आणून दाखवू. बस, इतकेच. तुम्ही सगळे हसलात. तुझे बाबा तर खोकला लागेपर्यंत हसले. एकटी तुझी आई हसली नाही. तिने कोनाड्यातून खिळा काढला, वरवंटा घेतला, तुझ्या सातव्या मेडलाच्या शेजारी आठवा खिळा ठोकला आणि म्हणाली, "हा जवाईबापूचा."

जीवन, त्या दिवसापासून मी जेव्हा जेव्हा कारध्याला गेलो, तेव्हा तेव्हा तो खिळा माझ्याकडे बघायचा. जेवताना समोर, झोपताना उशाशी. एकदा कोणीतरी त्यावर पिशवी टांगली, तर तुझ्या आईने ती काढून फेकली आणि म्हणाली, "तो रिकामाच ठेवा, येऊन राह्यला त्याचा माल." आता सांग, एवढ्या विश्वासाला माणूस काय उत्तर देईल? बावीस वर्षे मी ऑफिसात आवक-जावक सांभाळतो. माझ्या टेबलावर आलेला कागद पुढे गेला नाही असे कधी झाले नाही. पण हा खिळा दोन महिने पेंडिंग होता.

म्हणून भंडारा ते कारधा आणि परत, अशी दहा किलोमीटरची शर्यत जाहीर झाली तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव नोंदवले. तू पाठवलेले तुझे जुने नारंगी बूट काढले. (नऊ नंबर, माझा आठ. पुढे कापूस भरला.) सहा आठवडे रोज पहाटे खांब तलावाला चकरा मारल्या. पहिल्या आठवड्यात एका कुत्र्याने साथ दिली, दुसऱ्या आठवड्यात त्यानेही सोडली. मी सोडले नाही. शर्यतीचा नियम साधा होता: दोन तासांच्या आत जो पोचेल त्याला मेडल. दोन तासांत दहा किलोमीटर म्हणजे काय विशेष, असे मला वाटले. रस्ता सासुरवाडीच्या दारावरून जातो, ही गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. म्हणजे नकाशात पाहिली होती. तिचा अर्थ लक्षात आला नाही.

रविवारी साडेसहाला शिट्टी झाली. छातीवर ४१७ नंबर लावला होता. त्या कागदाच्या मागे एक चिप असते, हे तुला सांगायला नको. ती रेषेवरून गेली की मशीन वाजते आणि वेळ आपोआप नोंदली जाते. चिपला माणूस कळत नाही, नंबर कळतो. (हे वाक्य लक्षात ठेव.) मी झकास निघालो. वैनगंगेच्या पुलावर धुके होते, मागून ऑफिसचे साहेब येत होते, त्यांनाही मी पुढे जाऊ दिले नाही. कारध्यात शिरलो तर तुझे बाबा रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले, शेजारी पाण्याची बादली आणि तांब्या. मी धावता धावताच हात जोडले आणि सांगितले, मामाजी, परतताना येतो. बस, इथेच चुकलो. शब्द दिला ना.

पुढे जाऊन वळसा घेतला आणि सहाव्या किलोमीटरला परत कारध्यात आलो, तेव्हा घड्याळात बावन्न मिनिटे झाली होती. जीवन, बावन्न. तसाच निघालो असतो तर आज हे पत्र दोन ओळींचे झाले असते. पण अर्धी गल्ली रस्त्यावर उभी होती आणि तुझे बाबा मधोमध. मी म्हटले, मामाजी, शर्यत आहे. तर म्हणाले, "शर्यत का पळून चालली जी? दारावरून जवाई गेला अन् पाय नाई धुतले, तं गावात तोंड कसं दाखवू मी? बसा." आणि मला खुर्चीत बसवून बूट काढायला लागले. आता वडिलांच्या वयाचा माणूस आपल्या पायाशी वाकून बुटाची गाठ सोडतो आहे, तेव्हा त्याला सेकंद सांगता येतात का? तूच सांग. पाणी गरम होते. साबणही होता. खोटे कशाला बोलू, फार बरे वाटले.

इतक्यात तुझी आई पोहे घेऊन आली. ते खातो तोवर भजी. भजी संपतात तोवर नव्या तांदळाचा भात आणि मच्छीचा रस्सा. सकाळचे साडेसात वाजले होते. मी नको म्हटले, पण तुझ्या आईच्या घरात जावयाच्या नको म्हणण्याला काय किंमत आहे ते तुला माहीत आहे. नागपूरचे दोन धावणारे ही व्यवस्था आयोजकांची समजून माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनाही भजी मिळाली. एकाने विचारले, हे प्रत्येक किलोमीटरला आहे का? ते दोघे खाऊन निघूनही गेले. मला मात्र दुसऱ्यांदा भात वाढला. वर तुझी आई म्हणाली, "अंग सारं ओलं आहे. असे बसान तं छातीत सर्दी भरन. काढा तो शर्ट." आणि माझा जांभळा टी-शर्ट दोरीवर वाळत घालून तिने तुझ्या बाबांचा पांढरा सदरा मला घातला. बावीस मिनिटे गेली. शेवटी ती दीपमालासाठी रश्श्याचा डबा भरायला आत वळली, तेवढ्यात मी बूट चढवले आणि सुटलो.

पोटात दोनदा वाढलेला भात घेऊन धावणे कसे असते, हे लिहिणार नाही. एवढेच सांगतो, की पुलाच्या अलीकडे पाणी वाटायचा मंडप होता, तिथपर्यंत पोचलो आणि एक घोट पाणी घ्यावे म्हणून थांबलो. सहज मागे वळून पाहिले. तर रस्त्याने तुझी आई येत होती. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पायात स्लीपर, हातात काहीतरी गुंडाळलेले, आणि तोंडाने, "जवाईबापू, थांबा जी!" मला वाटले, डबा. शपथेवर सांगतो, मला दुसरे काही सुचलेच नाही. मागून साहेब येत होते. (हो, आता तेही माझ्यापुढे जायच्या बेतात होते.) चारशे लोकांदेखत सासूबाईंकडून मच्छीचा डबा घेऊन पुलावरून धावायचे, ही कल्पना मला सोसवली नाही. म्हणून मी... म्हणजे मंडपातल्या टेबलाला पुढून चादर लावली होती. मी तिच्या मागे बसलो. जरा टेकलो म्हण. लपलो असा शब्द मी वापरणार नाही, तूही वापरू नकोस. तुझी आई मंडपाशी आली, क्षणभर थांबली, पाणी प्यायली आणि पुढे निघून गेली. गेली म्हणजे अशी गेली, की साहेबांनाही मागे टाकले. बांधाबांधाने आयुष्य काढलेली बाई, तिला डांबरी रस्ता म्हणजे काय?

ती गेल्यावर मी छातीला हात लावला, आणि तेव्हा मला कळले की माझा नंबर छातीवर नाही. तो टी-शर्टवर होता. टी-शर्ट दोरीवर होता. आणि दोरीवरून तो तुझ्या आईच्या हातात होता.

पुढचे तुझ्या लक्षात आले असेल. मी मैदानावर पोचलो तेव्हा दोन तासांवर अकरा मिनिटे झाली होती. दाराशी पोरींनी विचारले, काका, नंबर? मी म्हटले, ४१७. त्यांनी यादी पाहिली. ४१७ येऊन गेला म्हणाल्या, एक तास छप्पन्न मिनिटे, विनोद रामटेके, अभिनंदन. समोर खुर्चीवर तुझी आई बसलेली, गळ्यात मेडल, हातात केळ, भोवती ढोल वाजवणारे, आणि तिच्या मांडीवर माझा जांभळा टी-शर्ट घडी करून ठेवलेला. तिने मला पाहिले आणि मी काही बोलायच्या आत सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमी तं मायाआधीच पोचले असान जी. इतके जोरानं धावले, का मले सापडलेच नाई."

जीवन, मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार होतो? तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता. आता साऱ्या कारध्यात बोलबाला आहे, की वच्छलाबाईचा जवाई वाऱ्यासारखा धावतो, सासूला हाती लागला नाही. तुझे बाबा सांगतात, भात खाऊनही धावला. मेडल तुझ्या आईने गळ्यातून काढून त्याच आठव्या खिळ्यावर टांगले. नंबर जवाईबापूचा होता, तर मेडलही जवाईबापूचे, असे तिचे म्हणणे. मी काल जाऊन पाहून आलो. (दीपमालाच्या स्कुटीवर मागे बसून. उतरताना दोघांनी धरले.) तो खिळा आता माझ्याकडे बघत नाही. पण मलाही त्याच्याकडे बघवत नाही, हे तुला म्हणून सांगतो. जेवताना पाठ करून बसलो.

बाकी ठीक. तुझ्या पुढच्या शर्यतीला शुभेच्छा. कमी खा.

तुझा,
विनोद भाऊजी

ता. क. : आता मुख्य काम. शर्यतीचे फोटो एका वेबसाइटवर टाकले आहेत. त्यात पुलाजवळच्या मंडपाचा एक फोटो आहे. समोर तुझी आई पाणी पिते आहे आणि मागे, टेबल आणि चादर यांच्यामधून, एक पांढरा सदरा आणि माझे अर्धे तोंड दिसते. तू कॉम्प्युटरवाला माणूस आहेस. काहीही कर, पण दीपमालाच्या नजरेला पडायच्या आत तो फोटो तिथून काढ. माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

ता. क. २ : बूट परत पाठवतो. जेवताना त्यात सांडलेल्या रश्श्याचा वास दोनदा धुऊनही गेलेला नाही.

ता. क. ३ : पोस्टाची पेटी चौकात आहे आणि मध्ये आमच्या जिन्याच्या अठरा पायऱ्या. म्हणून पाकीट नीट चिकटवून दीपमालाकडेच टाकायला देतो आहे. तिला सांगितले, ऑफिसचे गोपनीय आहे.

जीवन, मी ताई. ऑफिसच्या गोपनीय कागदावर तुझं नाव पाहिलं म्हणून पाकीट उघडलं. फोटोसाठी मेहनत घेऊ नको, तो सोमवारीच आपल्या घरच्या ग्रुपवर आला. तुझे भाऊजी ग्रुप म्यूट करून ठेवतात, म्हणून त्यांना माहीत नाही. कोणी सांगू पण नका.

आईला फोटोची गरजच नव्हती. ती मंडपाशी थांबली तेव्हाच तिने चादरीखालून नारंगी बूट पाहिले होते. मी विचारलं, मग हाक काहून नाही मारली? तर म्हणते, "मारली असती तं त्यायले उठा लागलं असतं. लय थकले होते बिचारे. नंबर पोचवाचा होता, थो म्या पोचवला. खिळा रिकामा राह्यला असता, तं लोकं अखीन हसले असते." मला तिथेच रडू आलं. मग या माणसाचं टेबलामागचं तोंड आठवलं आणि हसू आलं.

आता तुझं काम. आईने तिथेच नववा खिळा ठोकला आहे आणि नागपूरच्या शर्यतीचा फॉर्म माझ्याकडून स्वतःच्या नावाने भरून घेतला आहे. तिला बूट पाठव, पाच नंबर. रंग कोणताही चालेल म्हणते, फक्त नारंगी नको. थो लय दुरून दिसते म्हणते.