डुगडुगणारं टेबल

३ मार्च
लॅबमध्ये कायमची जागा एकच निघालीय. झाडूपोछा करणारी मी आणि दिवसभर स्टुलावर पेंगणारा शिपाई, दोघांतून एकाला. म्हणजे मलाच. घरी सांगूनही टाकलं. नवरा म्हणाला, आधी कागद हातात येऊ दे. अपशकुनी मेला.

४ मार्च
लॅबच्या साहेबांना विचारलं, एवढ्या मशीनीत करता तरी काय? म्हणाले, डोळ्यांना दिसत नाहीत असे कण सोडतो आणि ते किती खाली पडतात ते मोजतो. अहो, सोडलं की पडणारच! त्याला एवढी बुकं शिकावी लागतात? त्यांच्या हाताखाली आकडे लिहिणाऱ्या मॅडम हसल्या. हसतील नाहीतर काय करतील.

६ मार्च, सकाळी
मशीनीखालचं दगडी टेबल डुगडुगतं! फडका लागला तरी हलतं. वरचा दगड आणि पाय यांच्यात बोटभर फट. मिस्त्रीने घाईत उरकलेलं दिसतंय. फिनाईलच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून चारी फटींत ठोकला. आता हत्ती बसला तरी हलायचं नाही. कुणाला बोलले नाही. जागेचं ठरेल त्या दिवशी सांगीन.

११ मार्च
आकडे बिघडलेत म्हणे. कण रोज वेगळेच पडतात. मॅडमचं तोंड एवढंसं झालंय. मी म्हटलं, कणांना लाडावून ठेवलंय तुम्ही.
ठरवलं. फुकटचा सल्ला बंद.

१२ मार्च
साहेबांना सल्ला दिला, बंद करून परत चालू करा. म्हणाले, मावशी, जरा बाहेर थांबा. मावशी म्हणतात. शिपायाकडे तर बघतही नाहीत.

१८ मार्च
साहेब टेबलाखाली पालथे पडून ओरडले. पुठ्ठा सापडला. ते टेबल म्हणे मुद्दाम हवेवर तरंगत ठेवलेलं, रस्त्यावरच्या ट्रकची थरथर वर पोचू नये म्हणून. बारा दिवसांचे आकडे केरात. कुणी केलं, विचारलं. पुठ्ठ्याला फिनाईलचा वास, सगळे माझ्याकडे वळले. म्हटलं, हो, मीच! तरंगतं तर तशी पाटी लावायची. मॅडमनी आकड्यांची वही मिटून कपाटात ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ मार्च
जागा शिपायाला. साहेबांना तोंडावर विचारलं, त्याने आजवर केलंय काय? म्हणाले, काहीच नाही, म्हणूनच.
घरी सांगितलं, मीच सोडली, त्याला पोरंबाळं आहेत. नवऱ्याने उठून सगळी भांडी घासली.
एकही धड स्वच्छ निघालं नाही.