एकोणचाळीस किरणांचा झेंडा

मी, सुयुमकान, एसेंगुल यांची मुलगी, तुंदुक, म्हणजे तंबूच्या छपराचं लाकडी चाक, बनवणारे कै. तुर्दुमामत यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, राहणार कझिल-तू, इसिक-कूल सरोवराचा दक्षिण काठ, हे मृत्युपत्र स्वहस्ते व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. दडपण आणायला घरात दुसरं माणूसच नाही. डोकं शाबूत आहे. गुडघ्यांबद्दल हा कागद काही म्हणत नाही. नोटरीबाईंनी थोडक्यात लिहायला सांगितलं आहे, पण घाई त्यांना आहे, मला नाही.

१. घर, गाय आणि जर्दाळूची सहा झाडं माझा एकुलता एक मुलगा एर्निस याला. तो रशियात येकातेरिनबुर्गला बस चालवतो. शेजारीण बूबुश हिला दोन झाडं द्यायची होती, पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. सबब देत नाही. कुंपणापलीकडे पडतील ती फळं तिची, गेली तीस वर्षं आहेत तशीच. झाड हलवताना तिनं मला कधी विचारलेलं नाही.

२. पायाचं शिलाई मशीन शाळेला. ते डावीकडे ओढतं, हे मुलींना आधी सांगावं.

३. पेटीत तळाशी एक झेंडा आहे. त्याच्याबद्दल मी बत्तीस वर्षं खोटं बोलत आले, ते इथे दुरुस्त करते.

ब्याण्णव साली आपल्या नव्या देशाचा झेंडा ठरला, तेव्हा शाळेचे मुख्याध्यापक अब्दीलास वर्तमानपत्रातलं चित्र घेऊन माझ्याकडे आले. दुकानात मीठसुद्धा मिळत नव्हतं, कापड कुठलं? लाल कापड निघालं सामूहिक शेतीच्या जुन्या निशाणातून. त्याच्यावरचा विळा-हातोडा मी रात्रभर उसवला. पिवळं निघालं माझ्या लग्नाच्या पडद्यातून. नवी नवरी ज्याच्या आड बसते तो पडदा माझ्या आईनं शिवला होता. मधोमध सूर्य, सूर्यात तुंदुक, भोवती चाळीस नागमोडी किरण, आपल्या चाळीस कुळांचे. नवरोजला झेंडा शाळेवर चढला आणि म्हातारे काठ्या वर करून मोजायला लागले. एकोणचाळीस भरले.

मग काय विचारता! आपलंच कूळ गाळलं असं प्रत्येकाला वाटलं. गाव बूगू कुळाचं, मी सारीबागीश कुळातून आलेली. दीडशे वर्षांपूर्वीची भांडणं त्या दिवशी पुन्हा उकरली गेली. सासरच्यांनी तर ठरवूनच टाकलं की सुनेनं सूड घेतला. तेव्हा माझा नवरा पुढे झाला आणि म्हणाला, "माझ्या बायकोला मोजता येत नाही. लग्नात आलेल्या मेंढ्यासुद्धा तिला एक कमी भरल्या होत्या." सगळे हसले आणि पांगले. मेंढ्या खरंच एक कमी होत्या, पण त्या दिवसापासून मीही 'मोजायला चुकले' असंच सांगत आले.

खरं असं की किरण मी चाळीसच कापले. शेवटचा निघाला पडद्याच्या कोपऱ्यातून, जिथे आईनं लाल दोऱ्यानं छोटं मेंढ्याचं शिंग भरलं होतं. ती गेली तेव्हा रस्ता बर्फानं बंद होता, मला तिचं तोंड बघता आलं नव्हतं. तेवढा तुकडा मला सरकारला देववेना. मी तो पोलक्यात लपवला. झेंड्यात काठीच्या अंगाला, खाली, एक फट दिसते, ती त्याचीच जागा.

पुढे कारखान्यात शिवलेले झेंडे आले आणि अब्दीलासनी माझा मला परत आणून दिला. आता सगळ्यांना माहीत आहे की सरकारनं देशाच्या झेंड्यावरचे किरण सरळ केले. नागमोडी असले की सूर्यफूल दिसतं, आणि सूर्यफूल दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत वळतं, म्हणे. असेल. मी चार वर्षं एर्निसच्या रस्त्याकडे बघत वळते आहे, मला कोणी सरळ केलं नाही.

४. तुंदुक. आमच्या नमद्याच्या तंबूचं हे छपराचं चाक, धुरानं काळं झालेलं. भिंती बदलल्या, काठ्या बदलल्या, हे माझ्या आजेसासऱ्यापासून तेच आहे. रिवाजानं ते धाकट्या मुलाला जातं. थोरला म्हणा, धाकटा म्हणा, मला एकच.

चार वर्षांपूर्वी एर्निसनं फोनवर सांगितलं की त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं. मी म्हणाले, "मग छप्परही तिकडंच शोध. या तुंदुकाखाली पाय ठेवू नकोस."  तो म्हणाला, "बरं, आपा." आमच्यात आईला आणि वडीलधाऱ्या बाईला आपा म्हणतात.

लहानपणापासून त्यानं आईचं ऐकलं ते एवढं एकच. तेव्हापासून आला नाही. फोन करतो, पण बूबुशला. दर शुक्रवारी ती कुंपणाशी उभी राहून ओरडते, "बरी आहे रे, अजून शिव्या देते!" मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं. शुक्रवारी मी अंगणातलं काम काढून बसते.

५. मी गेल्यावर रिवाजाप्रमाणे अंगणात तंबू उभारावा, वर तोच तुंदुक चढवावा आणि म्हाताऱ्या माणसासाठी लावतात ते पांढरं निशाण लावावं. आत, माझ्या पायांशी, तो झेंडा टांगावा. देशाचा झेंडा असा वापरता येत नाही, असं नोटरीबाई म्हणाल्या. देशाच्या झेंड्याला चाळीस किरण असतात आणि ते सरळ असतात. माझ्याला एक कमी आणि सगळे वाकडे. तेव्हा ते माझं शिवणकाम आहे, त्यावर कायदा चालत नाही.

चाळिसावा किरण माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे. तो एर्निसनं स्वतःच्या हातानं त्या फटीत शिवावा. टाके वाकडे आले तरी चालतील.

६. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. एक वाक्य मात्र बोलले होते, कलम चारमध्ये लिहिलेलं. ते वाक्य मी याद्वारे रद्द करते.

हे वाचून नोटरीबाई म्हणाल्या, "आपा, हा कागद मेल्यावर उघडतात. फोन आजही लागतो." मला फोनवर बोलता येत नाही. भलतंच तोंडातून जातं, हे वर सिद्ध झालेलं आहे.

७. साक्षीदार बूबुश हिनं यातला मजकूर कोणाला सांगू नये, अशी अट मी घातलेली नाही. आज सोमवार आहे. तिनं शुक्रवारपर्यंत थांबावं, अशीही अट नाही.

सही: सुयुमकान एसेंगुल कीझी
साक्षीदार: १. बूबुश (सही करून लगेच बाहेर गेली) २. अब्दीलास, निवृत्त मुख्याध्यापक (किरण पुन्हा मोजले, एकोणचाळीसच)
स्थळ: कझिल-तू
दिनांक: ४ मार्च २०२४, झेंड्याच्या दिवसाचा दुसरा दिवस